मनांग देल्फिनाचे रविवार

रविवारी सकाळी सहाला देल्फिना लावागन यिप कुटुंबाच्या फ्लॅटचं दार इतक्या हलक्या हाताने ओढून घ्यायची, की कडीचा टक् असा आवाजही होऊ नये. आवाज झाला की यिपबाईंना जाग येणार, आणि जाग आली की त्यांना हमखास काहीतरी आठवणार. जुळ्यांपैकी एकीचा गणवेश, सासऱ्यांचं औषध, फ्रिजमध्ये राहिलेला मासा. यिपबाई वाईट नव्हत्या. पण सुट्टी घरात सुरू होत नसते, ती लिफ्टचं दार मिटल्यावर सुरू होते, एवढं सतरा वर्षं परक्या घरात काढलेल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही.

खाली हाँगकाँगच्या तुंग चुंग भागातल्या बसथांब्यावर बाकीच्या जमलेल्या असायच्या. कुणी शामशुईपोहून पहिली गाडी पकडून आलेली, कुणी थुन मुनहून. पाठीवर पिशव्या, पिशव्यांत भाताचे डबे, खारवलेली अंडी, आदल्या रात्री मालकांची जेवणं उरकल्यावर शिजवलेलं आदोबो, म्हणजे व्हिनेगरातलं मटण. देल्फिना दिसली की सगळ्या ओरडत, "आल्या मनांग!" मनांग म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली रेमीसुद्धा तिला मनांगच म्हणायची. वर सांगायची, "वयाने नाही गं, दराऱ्याने."

हाँगकाँगला आली तेव्हा देल्फिना एकोणतीस वर्षांची होती. पहिली सहा वर्षं तिचेही रविवार इतरांसारखेच गेले. शहराच्या मध्यात, सेंट्रल भागातल्या पुलाखाली पुठ्ठे अंथरायचे, गावाकडच्या बायकांच्या घोळक्यात बसायचं, पत्ते कुटायचे, एकमेकींची नखं रंगवायची, घरी पाठवायची खोकी भरायची. मजा यायची, नाही असं नाही. पण दुपारी तीनच्या सुमारास तिच्या पायांना मुंग्या यायला लागत. फिलिपाईन्समध्ये बाँतोकच्या पलीकडे डोंगराला बिलगलेल्या गावात ती वाढली होती. शाळेला जायचं तर दीड तास चढ, खाचरात जायचं तर चारशे पायऱ्या उतार, आणि भाताच्या पेंढ्या पाठीवर घेऊन त्याच पायऱ्या पुन्हा वर. असल्या बाईने आठवड्याचे सहा दिवस चाळिसाव्या मजल्यावर काढायचे आणि सातव्या दिवशी पुठ्ठ्यावर मांडी घालून बसायचं, हे तिच्या गुडघ्यांनाच पटत नव्हतं.

मग एकदा जुळ्या मुलींच्या शाळेची सहल निघाली आणि मुलींबरोबर देल्फिनाला पाठवलं. टेकडी तशी छोटीच होती. पण माथ्यावर पोचल्यावर वारा आला, ओल्या गवताचा वास आला, आणि देल्फिनाला एकदम कळलं, की आपण किती वर्षांत पोटातून श्वास घेतलेला नाही. पुढच्या रविवारी ती कापडी बूट घालून एकटीच त्या टेकडीवर गेली.

"डोंगरावर कोण असतं तुझं?" यिपबाईंनी विचारलं होतं.

"कुणीच नसतं, मॅडम."

"मग कशाला जातेस?"

"तेवढ्याचसाठी."

यिपबाईंनी कपाटातून आपले न वापरलेले चालायचे बूट काढून दिले. ते एक अंक लहान होते. देल्फिनाने दोन वर्षं तसेच वापरले.

एकटीचं चालणं फार दिवस एकटीचं राहिलं नाही. आधी रेमी आली. तिला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं, आणि ती पहिल्याच चढावर खाली बसून म्हणाली होती, "मनांग, वजन इथेच ठेवून पुढे जाता येत नाही का?" मग कमी बोलणारी निल्दा आली, नंतर निल्दाची शेजारीण. अकरा वर्षांत लांताऊ बेटावरची एकही वाट त्यांनी सोडली नाही. वादळ येऊन गेल्यावर वाहून गेलेल्या पायऱ्यांवरून त्या बसून घसरत उतरल्या, माकडांशी केळ्यांसाठी भांडल्या, एकदा तर चुकून भलत्याच गावात उतरून तिथल्या लग्नात जेवून आल्या. देल्फिनाचा नियम एकच होता. सगळ्यांत मागे जी चालते, तिला टाकून कुणी पुढे जायचं नाही. या नियमावरून तिने भल्याभल्यांना झापलं होतं.

हा नियम स्वतः देल्फिनानेच मोडला तो मार्च महिन्यातल्या एका रविवारी, आणि तोही सख्ख्या भाचीच्या बाबतीत.

भाचीचं नाव ज्योबेल. देल्फिनाच्या थोरल्या बहिणीची, लुर्देसची मुलगी, वय चोवीस. अकरा महिन्यांपूर्वी ती हाँगकाँगला आली. क्वुन तोंगला एका तरुण जोडप्याचं तान्हं बाळ सांभाळायचं काम होतं. विमानात बसवताना लुर्देसने फोन करून सांगितलं होतं, "फिना, पोरगी तुझ्या हवाली केली. तुझ्यासारखी खंबीर कर तिला." हे वाक्य देल्फिनाने मनावर घेतलं. नको इतकं घेतलं. दर रविवारी ती ज्योबेलला डोंगरावर आणायची आणि वाटेत शिकवण द्यायची. मालकीण ओरडली तर काय करायचं, बाळ रडलं तर काय करायचं, घरची आठवण आली तर काय करायचं. या शेवटच्या प्रश्नाला तिचं उत्तर ठरलेलं होतं: "भांडी घासायची."

ज्योबेल ऐकून घ्यायची. पण अलीकडे ती बसमध्ये बसल्या बसल्या डोळे मिटायची, चढावर दर दहा पावलांनी थांबायची, आणि बोलायला गेलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. देल्फिनाला वाटायचं, शहरात शिकलेल्या पोरी, असल्याच नाजूक.

त्या दिवशी बस पाक कुंग आऊच्या खिंडीत थांबली तेव्हा ज्योबेल खिडकीला डोकं टेकून झोपली होती. देल्फिनाने तिला हलवून उतरवलं. मार्चातली हवा, भिंतींनासुद्धा घाम फुटावा अशी दमट. डोंगराचा वरचा अर्धा भाग ढगात होता. दगडी पायऱ्या सुरू झाल्या आणि तासाभरात ज्योबेल शंभर पावलं मागे पडली. देल्फिना तिच्यासाठी थांबली. ज्योबेल जवळ आली आणि एका सपाट दगडावर बसून म्हणाली, "मावशी, मला घरी जायचंय."

"संध्याकाळी जाऊच की."

"क्वुन तोंगला नाही. घरी. आईकडे."

देल्फिनाचा पारा चढला. "अकरा महिन्यांत? अगं, मी आले तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती. माझा नवरा गेला तेव्हा मी इथे होते. सतरा वर्षं झाली, एकदा तरी तोंडातून असा शब्द काढला का मी?"

"तू नाही काढलास," ज्योबेल म्हणाली. "मी तुझ्यासारखी नाहीये."

"ते दिसतंयच."

हे बोलून गेल्यावर देल्फिनाला क्षणभर जीभ चावावीशी वाटली, पण शब्द गेला तो गेला. ज्योबेलने मान फिरवली. "तुम्ही व्हा पुढे. मी बसते जरा. येईन मागून."

"बस मग," देल्फिना म्हणाली आणि ताडताड चालू लागली.

पुढे शिखराखाली एक फाटा फुटतो. मुख्य वाट डोंगराच्या कुशीतून तशीच पुढे जाते आणि एक पाऊलवाट डावीकडे सरळ माथ्यावर चढते. देल्फिना, रेमी आणि निल्दा माथ्यावर चढल्या. बाकीच्या त्या दिवशी आल्या नव्हत्या. वर पोचून डबे काढतात न काढतात तोच धुकं आलं. आलं कसलं, कुणीतरी ओलं पांघरूण अंगावर टाकावं तसं पडलं. रेमी चार हातांवर बसली होती, तिचा नुसता लाल टोपीचा डाग दिसत होता.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. कुणी डबा उघडला नाही.

"मनांग," रेमी म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "पोरगी अजून आली नाही."

"येईल," देल्फिना म्हणाली, आणि म्हणता म्हणताच उठली.

तिघी आल्या वाटेने उतरल्या. मागे, त्या सपाट दगडापर्यंत. दगडावर कुणी नव्हतं. शेजारच्या गवतात ज्योबेलची पाण्याची बाटली पडलेली होती, अर्धी भरलेली. फोन लावला तर बंद. देल्फिनाने बाटली उचलली आणि वाटेच्या कडेला गेली. तिथून खाली ओढ्याची घळ होती, उन्हाळ्यात स्वच्छ दिसणारी. आता तिथे नुसतं पांढरं होतं. सतरा वर्षांत ती एवढी कधी घाबरली नव्हती. नवरा गेल्याचा फोन आला तेव्हा निदान काय झालंय ते कळलेलं होतं.

"पोलिसांना फोन करायचा," ती म्हणाली.

निल्दा एरवी तोंड उघडायची नाही, पण आता घाईने म्हणाली, "मनांग, तिच्या मालकांना कळेल. म्हणतील, रविवारी डोंगरात हरवते, उद्या आमच्या बाळाला हरवील. काढून टाकतील तिला. आणखी अर्धा तास शोधू या ना."

"काढू दे. काम गेलं तर काम मिळतं. हिला कुठून आणू मी?"

तिने नऊ-नऊ-नऊ लावला. पलीकडचा माणूस शांत होता. त्याने जवळच्या खांबावरचा आकडा विचारला. वाटेवर दर अर्ध्या किलोमीटरवर तसे खांब आहेत. निल्दा धावत जाऊन आकडा वाचून आली. मुलीचं वय, कपडे, किती वाजता शेवटची दिसली, सगळं त्याने लिहून घेतलं. मग म्हणाला, "शोधपथक निघतंय. तासभर लागेल. तुम्ही वाट सोडून कुठेही उतरू नका, नाहीतर आम्हाला चौघींना शोधावं लागेल. बरं, पुढच्या बाजूला बघितलंत का?"

"पुढे कशी असेल? ती आमच्या मागे होती."

"तुम्ही माथ्यावर चढलात. तिला धुक्यात फाटा दिसला नसेल तर ती खालच्या वाटेने सरळ पुढे गेली असेल. असं बऱ्याचदा होतं, ताई. लोक मागे शोधत बसतात आणि माणूस पुढे असतं."

देल्फिनाने फोन कानावरून काढला आणि कपाळावर हात मारला. त्या फाट्यावरून ती शंभर वेळा गेली असेल. तिला माथ्यावर जायची सवय, म्हणून सगळ्यांनाच माथा दिसतो असं ती धरून चालली होती.

रेमीला फोन देऊन खांबापाशी बसवलं. पथक आलं तर सांगायला कुणीतरी हवं होतं, आणि रेमीचे पाय थरथरत होते. देल्फिना आणि निल्दा पुढच्या वाटेला लागल्या. फाटा मागे पडला. देल्फिना दर पन्नास पावलांनी थांबून हाका मारत होती. आधी नुसतं "ज्योबेऽल" म्हणून. आवाज धुक्यात बुडून जायचा, ओल्या कापसात दगड टाकल्यासारखा. मग तिला गावाकडची हाक आठवली. वरच्या खाचरातून खालच्या खाचरातल्या बायकांना जेवायला बोलावताना मारतात ती. आवाज आधी खाली धरायचा, मग एकदम वर फेकायचा, आणि शेवटचं अक्षर दम संपेपर्यंत सोडायचं नाही. ती हाक तिने वीस वर्षांत मारली नव्हती. पहिल्यांदा घसा फुटला. दुसऱ्यांदा बरी निघाली. तिसऱ्यांदा अशी निघाली, की निल्दाने दचकून क्रूसाची खूण केली.

दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. आणि समोरून, जरा खालच्या अंगाने, तशीच हाक आली. बारीक, चिरकी, पण तशीच. खाली धरलेली, वर फेकलेली, लांबवलेली.

देल्फिना वाटेवरच बसली. "आहे," एवढंच म्हणाली. "निल्दा, आहे गं."

हाकेच्या पाठोपाठ एका म्हाताऱ्याचा वैतागलेला आवाज आला, कँटोनीजमध्ये: "काय आरडाओरडा लावलाय? डुक्कर कापताय का डोंगरावर?"

त्या खालच्या वाटेलगत जुन्या दगडी खोल्या आहेत, शंभर वर्षांपूर्वी पाद्र्यांनी उन्हाळ्यासाठी बांधलेल्या. एरवी बंदच असतात. त्यांतल्या एका खोलीची डागडुजी करायला आठवड्यातून दोनदा एक म्हातारा वर यायचा. नाव लाम. धुक्यातून आधी भिंत दिसली, मग दार, आणि दारात ज्योबेल. म्हाताऱ्याचं जाडजूड जाकीट घातलेली, हातात वाफाळणाऱ्या शेवयांचा वाडगा, वर तळलेलं अंडं. तोंडातही शेवया होत्या. तिला धड बोलता येईना.

देल्फिनाने वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काहीच तिच्या तोंडून आलं नाही. ती म्हणाली, "खा. आधी खा." आणि भिंतीला पाठ लावून रडायला लागली. ज्योबेलने मावशीला कधी रडताना बघितलं नव्हतं. ती वाडगा हातात धरूनच शेजारी बसली आणि तीही रडायला लागली.

म्हातारा लाम दोघींकडे बघून निल्दाला म्हणाला, "अंडं घातलंय मी त्यात. रडण्यासारखं काय आहे?"

निल्दाने रेमीला फोन केला, रेमीने पोलिसांना. पथक खिंडीतून जेमतेम वर चढलं होतं. पथकाचा प्रमुख स्वतः देल्फिनाशी बोलला. देल्फिना माफी मागायला लागली, तर तो हसून म्हणाला, "रिकामं परत जायला आम्हाला फार आवडतं. पोरगी जेवली का?"

"जेवतेय."

"मग झालं तर."

मालकांना कळवायचं का, असं त्याने विचारलंसुद्धा नाही. नाव लिहिलं, वय लिहिलं, संपलं. ज्या गोष्टीला निल्दा एवढी धास्तावली होती ती मुळात घडलीच नाही.

रेमी येऊन पोचेपर्यंत लाम अंकलनी आणखी तीन वाडगे शेवया केल्या. त्या वेळात ज्योबेल बोलली. धुक्यात आपण कधी पुढे आलो तिला कळलंच नव्हतं. मावशी खरोखरच टाकून गेली असं वाटून ती या भिंतीपाशी बसून राहिली होती. आणि मग, कुणी न विचारता, ती मालकांच्या घरातलं बोलली.

"मला कुणी मारत नाही, मावशी. उपाशी ठेवत नाहीत. पण झोप नाहीये. स्वयंपाकघरात धुण्याच्या मशीनला लागून माझी फळी आहे, आणि फळीला लागून बाळाचा पाळणा. बाळाला पोटाचा काहीतरी त्रास आहे. दीड तासाने उठतं. रात्रभर. अकरा महिने मी सलग दोन तास झोपलेली नाही. परवा बाळाला आंघोळ घालताना माझे डोळे मिटले. एकच क्षण. पण मिटले." ती थांबली. "बाळ माझ्या हातून जाईल, मावशी. म्हणून मला घरी जायचंय. काम नको म्हणून नाही."

दर रविवारी ही पोरगी बसमध्ये डोळे मिटत होती, आणि दर रविवारी आपण तिला हलवून जागं करून खंबीरपणा शिकवत होतो, हे देल्फिनाच्या डोळ्यांपुढे आलं.

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तू म्हणालीस, भांडी घास."

रेमी नेमकी तेव्हा दारात पोचली होती, धापा टाकत. ती म्हणाली, "बरोबर आहे तिचं. मनांग, तुला काही सांगायला गेलं की माणसाला आधी भांडी आठवतात."

देल्फिनाला हसू आलं. रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती हसली, आणि तिचं हसणं बघून ज्योबेल हसली. लाम अंकलना कुणी काहीच सांगितलं नव्हतं, तरी तेही हसले.

दुपारी चारपर्यंत धुकं पातळ झालं. चौघी मुई वो बंदराच्या बाजूने उतरल्या. सगळ्यांत पुढे ज्योबेल, तिच्या चालीने बाकीच्या. धक्क्यावर बोटीला अर्धा तास होता. देल्फिनाने फोन काढला. डोंगरापेक्षा अवघड काम आता होतं. लुर्देसला काय सांगायचं? तुझी पोरगी मला सांभाळता आली नाही? दोनदा तिने आकडे दाबून पुसले. शेवटी लावला.

"मनांग, ज्योबेल घरी यायचं म्हणतेय," ती एका दमात म्हणाली. "आणि मला वाटतं तिने यावं. मी पाठवते. माझ्यावर रागव हवं तर."

लुर्देस म्हणाली, "अगं बाई, तूच म्हणतेस?"

"म्हणजे?"

"चार महिने झाले, फिना. पोरगी फोनवर रडते आणि मी तिला सांगते, टिकून राहा, टिकून राहा, मावशी काय म्हणेल! तिने सतरा वर्षं काढली, तिला कसं तोंड दाखवायचं! मला रात्ररात्र झोप नाही."

"मी म्हणत होते, तू काय म्हणशील!"

"मी कशाला काही म्हणतेय? माझी पोरगी आहे ती. येऊ दे की घरी!"

देल्फिनाने फोन कानाशी धरून ज्योबेलकडे बघितलं. ज्योबेल बाकावर बसून खारवलेलं अंडं सोलत होती. तिघी बायका एकमेकींच्या भीतीने इतके महिने दात आवळून उभ्या होत्या, आणि कुणाचीच कुणाकडून तशी अपेक्षा नव्हती. देल्फिनाचा जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे असा, की बोटीत बसल्यावर तिला आपले खांदे खाली उतरलेले जाणवले. इतक्या वर्षांत ते किती वर चढून बसले होते, ते तिला तेव्हा कळलं.

त्याच संध्याकाळी ती ज्योबेलबरोबर क्वुन तोंगला गेली. भांडायची तयारी करूनच गेली होती. दार उघडलं त्या मुलीने, म्हणजे मालकिणीने, कडेवर बाळ. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. देल्फिनाने कँटोनीजमध्ये सगळं सांगितलं. फळीचं, पाळण्याचं, आंघोळीच्या वेळी मिटलेल्या डोळ्यांचं. ज्योबेल महिन्याची मुदत देऊन काम सोडेल असंही सांगितलं.

मालकीण दारातच उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "माझेही मिटतात. परवा मी ऑफिसात बैठकीत झोपले." तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "मला वाटायचं, ज्योबेल तरुण आहे, हिला चालत असेल. ज्योबेल, तू का नाही बोललीस?"

ज्योबेल म्हणाली, "तुम्ही पण थकलेल्या दिसायच्या."

महिनाभरासाठी मालकिणीची आई राहायला आली आणि रात्रींची वाटणी झाली. पाळणा आजीच्या खोलीत गेला. पहिल्या रात्री ज्योबेल नऊ तास झोपली आणि उठल्यावर तिला वाटलं, आपण आजारी पडलोय. तरीही तिने निर्णय बदलला नाही. देल्फिनाने बदलायला सांगितलंही नाही.

पुढच्या रविवारी चौघी लाम अंकलचं जाकीट परत द्यायला वर गेल्या. तीस अंडी, शेवयांची दोन खोकी, छपरासाठी ताडपत्री, सगळं पाठीवर. म्हाताऱ्याने एकेक वस्तू बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मी इथे दुकान काढणार आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?" पण ताडपत्री लगेच ओढून घेतली, आणि रेमीला शिडीवर चढवून कामाला लावलं.

एप्रिल संपता संपता ज्योबेल गेली. आता ती बाँतोकच्या बाजारात एका बेकरीत काम करते. पहाटे चारला उठावं लागतं. तक्रार तीही करते, पण हसत. लुर्देस आणि देल्फिना आता फोनवर एकमेकींशी भांडतात, शेजारणीची निंदा करतात, डुकराच्या पिल्लांबद्दल बोलतात. अकरा महिने त्या एवढ्या जपून बोलत होत्या, की असं काही बोलायचं राहूनच गेलं होतं.

आणि देल्फिनाचं म्हणाल, तर त्या उन्हाळ्यात तिने एक वेगळीच गोष्ट केली. साई कुंगच्या किनाऱ्यावर भाड्याने होड्या मिळतात, दोघांनी वल्हवायच्या, निमुळत्या. रेमी किती वर्षं मागे लागली होती. देल्फिना दरवेळी म्हणायची, "मी डोंगरातली बाई. पाण्यात माझं काय काम? मला काही झालं तर पोरीचं कोण बघणार, लुर्देसला काय तोंड दाखवायचं?" पोरगी आता वीस वर्षांची होती आणि बागियोला नर्सिंग शिकत होती. या वेळी रेमीने विचारलं आणि देल्फिनाने कारण शोधलं. सापडलंच नाही.

तरंगायचं जाकीट गळ्यापर्यंत आवळून ती होडीत पुढे बसली. किनाऱ्यावरून निल्दा फोटो काढत होती. रेमी मागे बसली तशी होडीचं तोंड वर उचललं गेलं.

"मनांग, उजवीकडे मार!"

"मारतेय की!"

"तुझं उजवं की माझं?"

"दोघींचं एकच आहे, गाढवे! आपण एकाच दिशेला तोंड करून बसलोय!"

होडी जागच्या जागी गोल फिरली. मग उलटी फिरली. शेजारून एक चिनी आजोबा आपल्या नातीला घेऊन सरळ रेषेत सुळकन निघून गेले. देल्फिना हसायला लागली, तिला वल्हं धरवेना, आणि रेमी मागून ओरडतच राहिली, "अगं हसू नको, बुडू!" पण पाणी शांत होतं, कमरेएवढंच खोल होतं, आणि परत जायची वेळ व्हायला अख्खी दुपार शिल्लक होती.